‘खासगी’ आणि ‘सार्वजनिक’ : दोन शब्दांचा विचार

‘खासगी’ हा शब्द फारसीच्या वाटेने मराठीत आला. ‘सार्वजनिक’ हा संस्कृत ‘सर्वजन’पासून साधलेला आहे. ओझरला विघ्नहराच्या दर्शनास आलेली मोटार खासगी असते. ती ज्या वाहनतळावर उभी राहते तो सार्वजनिक असतो. उभ्या मोटारीत शरीरसंबंध ठेवणारी जोडपी पहिल्या शब्दावर विसंबतात, कायदा मात्र दुसरा पाहतो. महाराष्ट्र पोलीस अधिनियम, १९५१ याचे कलम ११० सार्वजनिक असभ्य वर्तनासंबंधी आहे. ऑगस्ट २०१५ मध्ये मढ येथे हॉटेलांच्या खोल्यांतील जोडप्यांवरही ते लावले गेले, तेव्हा या शब्दाच्या ताणलेल्या अर्थावर मोठा वाद झाला. भारतीय न्याय संहितेच्या कलम २९६ नुसार, इतरांस उपद्रव होईल अशा सार्वजनिक अश्लील कृतीस तीन महिन्यांपर्यंत कैद, हजार रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही होऊ शकतात. अठरा वर्षांखालील व्यक्तीची संमती तर कायदा मानीतच नाही.

आरोग्याचा धोकाही लहान नव्हे. घाईत निरोध राहून जातो. बंद गाडीत इंजिन चालू असल्यास गंधहीन कार्बन मोनॉक्साइड प्राणघातक ठरतो. याहून खोल जाते ती उघडकीस येण्याची भीती. तिच्याच बळावर तोतया पोलीस पैसे उकळतात. अशा वेळी ओळखपत्र मागणे हा नागरिकाचा हक्क होय, आणि सूर्यास्तानंतर स्त्रीस अपवादाखेरीज अटक करता येत नाही, हेही ध्यानी असावे.