गुढीची काठी : झाड की गवत?

आज चैत्र शुद्ध प्रतिपदा. घरोघरी गुढ्या उभारल्या गेल्या असतील. कडुनिंबाची डहाळी, साखरेची गाठी, रेशमी वस्त्र आणि वर उपडा घातलेला कलश, हे दृश्य जितके परिचयाचे, तितकेच या सणाचे शब्दही. 'पाडवा' हे 'प्रतिपदे'चेच झिजलेले रूप. आज ज्याची पूजा होते ते 'पंचांग' म्हणजे तिथी, वार, नक्षत्र, योग आणि करण ही पाच अंगे. ती पाचही न अडखळता सांगणारे आपणांपैकी कितीजण निघतील, हा प्रश्न आम्ही प्रथम स्वतःलाच विचारतो. शब्द जिभेवर रुळला की अर्थ विसरला तरी चालतो, अशी आपली समजूत झाली आहे. पूर्वजांची तशी नव्हती. सहा वेदांगांपैकी 'निरुक्त' हे एक अंग त्यांनी केवळ शब्दार्थाच्या विचारासाठी राखून ठेवले होते.

हा विचार पोथीपुरताच आहे, असे कोणास वाटेल. त्यांनी आमच्याबरोबर क्षणभर चंद्रपूर-गडचिरोलीच्या अरण्यात यावे. शहरात 'मोह' म्हटले की षड्रिपूंतील एक शत्रू आठवतो. येथे चैत्रात मोह म्हणजे पहाटे झाडाखाली पडणारा टपोऱ्या फुलांचा सडा आणि तो वेचणाऱ्या घरांची वर्षाची बेगमी. एक शब्द 'मुह्' धातूपासून आलेला, तर दुसरा 'मधूक' या वृक्षनामापासून. उच्चार एक, पण एकाचा त्याग करावयाचा आणि दुसऱ्याची टोपली भरावयाची!

आता गुढीच्या काठीकडे वळू. ती बहुधा वेळूची, म्हणजेच बांबूची. आमच्या संस्कृतीत याला किती मान! श्रीकृष्णाच्या ओठी असलेली 'वेणू' म्हणजे मुळात बांबूच. 'वंश' या संस्कृत शब्दाचा अर्थही बांबू; पेरावर पेर चढत जावे तशी पिढीवर पिढी, म्हणून कुळालाही वंश म्हणतात. परंतु हा वेळू झाड आहे की गवत? प्रश्न पोरकट वाटेल. धानोरा तालुक्यातील मेंढा (लेखा) या लहानशा गोंड गावाला मात्र त्याचे उत्तर मिळविण्यासाठी झगडावे लागले.

वनस्पतिशास्त्र सांगते की बांबू हा भात, गहू आणि ऊस यांच्या कुळातला, म्हणजे गवतच. 1927 च्या भारतीय वन कायद्याने मात्र 'वृक्ष' या शब्दाच्या व्याख्येत बांबूही घातला होता. पुढे 2006 च्या वनहक्क कायद्याने बांबूची गणना गौण वनोपजात केली व त्यावर वननिवासींचा हक्क मान्य केला. 2009 साली मेंढा गावाला सुमारे 1,800 हेक्टर जंगलावर सामूहिक हक्क मिळाला. तरीही बांबू गावाबाहेर नेण्याचा वाहतूक परवाना मिळेना, कारण वनखात्याच्या लेखी बांबू अजूनही इमारती लाकडात मोडत होता. जंगल गावाचे, बांबू गावाचा, पण तो विकावयाचा तर एक शब्द आडवा!

गाव डगमगले नाही. देवाजी तोफा आणि मोहन हिराबाई हिरालाल यांच्या साहचर्याने येथे अभ्यासगटाची रीत रुजलेली होती. कायद्यातील शब्द एकत्र बसून समजून घ्यावयाचा, शंका काढावयाच्या आणि ग्रामसभेत सर्वांचे मत एक होईल तेव्हाच निर्णय करावयाचा. 'अभ्यास' या शब्दाचा मूळ अर्थ पुनःपुन्हा करणे असा आहे. तो या गावाने आचरून दाखविला. अखेरीस 27 एप्रिल 2011 रोजी तत्कालीन केंद्रीय पर्यावरण मंत्री जयराम रमेश यांनी मेंढ्यास येऊन वाहतूक परवान्यांचे अधिकार ग्रामसभेच्या हाती दिले. पुढे 2017 च्या दुरुस्तीने 1927 च्या कायद्यातील वृक्षाच्या व्याख्येतून 'बांबू' हा शब्द वगळण्यात आला व वनक्षेत्राबाहेर लावलेल्या बांबूची वाट मोकळी झाली. नव्वद वर्षे टिकलेली एक व्याख्या अशी सुधारली गेली.

'गौण' हा शब्दही असाच विचार करावयास लावणारा. गौण म्हणजे दुय्यम. पण मोहफूल, तेंदूपान आणि बांबू ही ज्या घरांची मुख्य मिळकत, त्यांच्या दृष्टीने गौण ते काय? नाव ठेवणारा कोठे उभा राहून पाहतो, त्यावर शब्दाचे वजन ठरते, हेच खरे. ज्या मुलखाला आपण 'झाडीपट्टी' म्हणतो, तेथील माणसांनीच 'झाड' म्हणजे काय हे पुन्हा विचारावे, यात केवढे औचित्य आहे!

वाचकहो, पाडव्यास नव्या वस्तूची खरेदी करण्याची आपली रीत आहे. आम्ही सुचवितो ती खरेदी बिनखर्चाची आहे. रोजच्या वापरातला एखादा शब्द घ्यावा. 'हक्क' घ्यावा, 'दान' घ्यावे, 'धर्म' घ्यावा. आणि घरातील लहानथोरांनी मिळून त्याचा अर्थ विचारावा. सायंकाळी गुढी उतरविताना त्या काठीवरून एकदा हात फिरवावा. ते झाड नव्हे, गवत आहे. आणि एवढे ओळखल्याने एका गावाचे दैव पालटले आहे.