गायकाची पहिली ध्वनिमुद्रिका

ग्रंथकाराला त्याचा पहिला ग्रंथ जसा, तशी गायकाला त्याची पहिली ध्वनिमुद्रिका. परंतु ग्रंथकाराला हवी तितकी पाने वाढविता येतात. जुन्या काळच्या गायकाला तबकडीवर तशी मोकळीक नव्हती. ही अडचण कोणती होती आणि तिच्यामुळे गोमंतकाच्या गाण्याने काय मिळविले व काय गमावले, याचा थोडा विचार आम्ही येथे करणार आहोत.

सपाट तबकडीची युक्ती एमिल बर्लिनर यांनी १८८७ साली काढली. आरंभी गायक एका मोठ्या कर्ण्याच्या तोंडाशी उभा राहून गात असे. कर्ण्याच्या अरुंद टोकाशी पातळ पडदा व त्याला जोडलेली सुई असे. आवाजाने पडदा थरथरे आणि सुई फिरत्या मेणावर नागमोडी रेघ कोरीत जाई. या मेणावरून धातूचा साचा तयार होई व त्या साच्यातून लाखेच्या मिश्रणाच्या तबकड्या निघत. १९२५ पासून विजेच्या ध्वनिग्राहकाचा उपयोग होऊ लागला, तेव्हा हळुवार स्वरही नीट उमटू लागले.

आपल्या देशात १९०२ साली फ्रेड गैसबर्ग यांनी कलकत्त्यास गौहर जान यांचे गाणे मुद्रित केले. तबकड्या मात्र जर्मनीतील हॅनोव्हर येथे घडत. गाणे संपताच गौहर जान आपले नाव इंग्रजीत उच्चारीत. दूरदेशीच्या कारागिरांना गायिका ओळखता यावी, हा त्यात हेतू असल्याचे सांगतात.

ही तबकडी मिनिटाला सुमारे ७८ फेरे घेई आणि १० इंची तबकडीच्या एका बाजूवर अवघी तीन मिनिटे मावत. अनेक तबकड्या ठेवण्यासाठी कागदी कप्प्यांची पुस्तकासारखी बांधणी करीत; तिला आल्बम म्हणत. १९४८ साली दीर्घकाळ चालणारी तबकडी निघाली आणि तिच्या एकेका बाजूवर वीस मिनिटांहून अधिक गाणे राहू लागले. आल्बम हे नाव मात्र टिकले. आज गायकाच्या पहिल्या गीतसंग्रहालाही आपण तेच नाव देतो.

मैफलीत एकेक राग सावकाश उलगडणाऱ्या कलावंताला तीन मिनिटांत काय सांगता येणार? फोंडा तालुक्यातील केरी गावच्या केसरबाई केरकर (१८९२–१९७७) या जयपूर-अत्रौली घराण्याच्या थोर गायिका. त्यांच्या भैरवीची साडेतीन मिनिटांची ध्वनिमुद्रिका १९७७ साली व्हॉयेजर या दोन अंतराळयानांवरील सोन्याचा मुलामा दिलेल्या तबकडीत समाविष्ट झाली. पहिले व्हॉयेजर ५ सप्टेंबरला निघाले आणि १६ सप्टेंबरला केसरबाईंनी देह ठेवला. थोडक्या वेळेत बांधलेला तो स्वर आज सूर्यमालेच्या ग्रहांपलीकडे गेला आहे. तबकडीने अवकाश हिरावला, पण अंतर जिंकून दिले.

पेडणे तालुक्यातील मालपे गावच्या अंजनीबाई मालपेकर (१८८३–१९७४) यांची गोष्ट मात्र वेगळी आहे. भेंडीबाजार घराण्याचे उस्ताद नजीर खाँ यांच्याकडे त्यांनी विद्या घेतली आणि पुढे मैफली थांबवून विद्यादानास वाहून घेतले. कुमार गंधर्व व किशोरी आमोणकर यांनाही त्यांचे मार्गदर्शन लाभले. १९५८ साली संगीत नाटक अकादमीने त्यांना रत्नसदस्यत्व देऊन गौरविले. त्यांची विद्या शिष्यांच्या कंठातून पुढे गेली. विद्या टिकविण्याचा हा मार्ग तबकडीहून जुना, आणि शिष्य मिळेल तोवरच खुला.

येथेच आमच्या चिंतेचा विषय येतो. पेडणे आणि डिचोली या तालुक्यांत पौष महिन्यात स्त्रिया मांडावर समोरासमोर रांगा धरून धालो खेळतात. ही गाणी रात्रीमागून रात्री चालतात. ज्या आजीला ती शंभरांनी मुखोद्गत असतात, तिची ध्वनिमुद्रिका कोणी काढीत नाही आणि तिला गायिकाही कोणी म्हणत नाही. नात जवळ बसून शिकली नाही, तर ते भांडार आजीबरोबरच जाते.

पूर्वी ध्वनिमुद्रणासाठी मोठी कंपनी लागे. आज ते साधन घरोघरी खिशात आहे आणि तीन मिनिटांचे बंधनही उरलेले नाही. म्हणून आमच्या विद्यार्थिमित्रांना आम्ही सुचवितो की, आजीची संमती घेऊन तिचे एक गाणे आरंभापासून शेवटपर्यंत मुद्रित करावे. तिचे नाव, गाव, तारीख व गाण्याचा प्रसंग वहीत लिहावा. अनोळखी शब्दांचा अर्थ तिलाच विचारावा. मग ते गाणे तिच्याजवळ बसून स्वतः म्हणावे, कारण मुद्रण स्वर राखते, पण परंपरा राखायला दुसरा कंठच लागतो. त्या आजीची ती पहिली ध्वनिमुद्रिका ठरेल. ती शेवटची ठरू नये, हे पाहणे आपल्या हाती आहे.