सत्तर पानांचा हिशेब

एकत्र कुटुंबांत रात्रीची पंगत बसली, म्हणजे वरणभातापाठोपाठ हटकून वाढला जाणारा एक पदार्थ असतो. तो म्हणजे चाकरीवरचीं गाऱ्हाणीं. आमच्या घरीं दोन मुलगे, एक पुतण्या व एक सून अशीं चार माणसें नोकरी करितात, आणि चौघांनाहि एकेक साहेब आहे. कोणाची रजा नामंजूर झालेली असते, कोणाची बढती दुसऱ्यानेंच पळविलेली असते, तर कोणाच्या कचेरींत पंखा फक्त साहेबांच्या डोक्यावर फिरत असतो. आम्ही लोणच्याची फोड चोखीत हें सारें ऐकतों. परवां पुतण्या तावातावानें म्हणाला, "काका, तुमच्या मास्तरकीच्या काळीं असला अन्याय नव्हता." तेव्हां आम्हांस जी गोष्ट आठवली, ती पंगतींत सांगवली नाहीं. ती आज वाचकांपुढें ठेवीत आहों.

गडचिरोली जिल्हा १९८२ सालीं चंद्रपुरांतून वेगळा निघाला. त्यानंतर थोड्याच वर्षांनीं आमची नेमणूक धानोरा तालुक्यांतील एका गोंडांच्या गांवीं झाली. आम्ही मॅट्रिक झालेले, वडिलांपाशीं थोडेंबहुत संस्कृत घोकलेले, आणि जंगल म्हणजे काय तें कालिदासापलीकडे न पाहिलेले! पहिल्या वर्षीं आम्हांस तेथील मुलांपेक्षां त्यांच्या आयांकडूनच अधिक शिकावें लागलें. एके वर्षीं शाळेचीं कौलें फेरावयाचीं होतीं, म्हणून मे महिन्याच्या सुटींतहि आम्ही गांवींच राहिलों. त्यामुळें तेंदूचा हंगाम पहिल्यानें डोळ्यांनीं पाहिला.

तेंदू म्हणजे आपल्याकडची टेंभुर्णी. विडी वळतात ती हिच्याच पानांत. हंगाम अवघा दोनतीन आठवड्यांचा. पहाटे अंधारांतच माणसें रानांत शिरतात, उन्हें चढेपर्यंत पानें खुडतात, आणि डोक्यावर गांठोडें घेऊन परततात. दुपारीं घरच्या सावलींत म्हाताऱ्यापासून पांच वर्षांच्या पोरापर्यंत सारीं माणसें पानावर पान लावीत बसतात. फाटकें, किडलें, फार जून पान बाजूस टाकावयाचें आणि सत्तर पानें झालीं कीं दोरानें आवळून एक पुडा बांधावयाचा. असे एक हजार पुडे भरले, म्हणजे एक प्रमाण गोणी. सायंकाळीं हे पुडे फळीवर न्यावयाचे. फळी म्हणजे गांवाबाहेरचें मोकळें मैदान; तेथें ठेकेदाराचा मुन्शी वही घेऊन बसलेला असतो. पुडे वाळूवर रांगेनें मांडतात, वाळले कीं उलटवितात, आणि मग पाणी शिंपडून पोत्यांत भरतात.

रानांत अस्वलाची भीति आहे, वाघाची आहे. ती आजहि सरलेली नाहीं. १० मे २०२५ रोजीं चंद्रपूर जिल्ह्यांतील सिंदेवाही तालुक्यांत पानें तोडावयास गेलेल्या तीन स्त्रिया एकाच दिवशीं वाघानें मारल्या. परंतु त्या लोकांची खरी रोजची कटकट रानांतली नसे, फळीवरची असे.

पुड्यामागें काय द्यावें याचा दर सरकार ठरवी. दरांत सहसा लबाडी होत नसे, कारण दर सर्वांस ठाऊक असे. लबाडी मोजणींत होत असे. मुन्शी शंभर पुड्यांमागें पांच पुडे 'वरचे' म्हणून घेई. ते वहींत चढत नसत. कांहीं पुडे हातांत घेऊन, नाक मुरडून, 'हा खराब' म्हणून बाजूस फेकी. बाई ते परत नेऊं लागली तर म्हणे, "राहूं दे, कुठं ओझं नेतेस!" आणि आम्हीं पाहिलें, कीं अंधार पडल्यावर तेच पुडे रांगेंत मांडले जात. मुन्शी हिंदींत मोजी, बाई मनांत गोंडींत मोजी व शंभराला एक खडा पदरांत बांधी. आणि तिचा मुलगा, आमच्या चवथींतला, पाटीवर मराठी आंकड्यांत लिही. तीन भाषांतली मोजणी, पण पैसे मिळावयाचे ते पहिलीप्रमाणें.

एका संध्याकाळीं तो मुलगा पाटी घेऊन आमच्याकडे आला. घरांतलीं चार माणसें मिळून दिवसाकाठीं सुमारें दोनशें पुडे होत. शेंकडा पांच म्हणजे रोजचे दहा. फेकलेले रोजचे पंधरा. बारा दिवसांचा हिशेब त्यानें मांडला होता : १२० आणि १८०, एकूण ३०० पुडे. म्हणजे चार माणसांची दीड दिवसाची मेहनत, एकवीस हजार पानें! गुणाकारांत एकहि चूक नव्हती. आमच्या हाताखालीं शिकलेला पोरगा. आमची छाती फुगली. इतक्यांत मागून त्याची आई आली आणि म्हणाली, "गुरुजी, तुमी फळीवर येऊन मोजा ना. माजा पोरगा बराबर म्हणते का मुन्शी, तेवडं पाहा."

आम्ही गेलों. मुन्शीनें वहींतून मान वर केली, आमच्याकडे व पाटीकडे पाहिलें, आणि हांसून म्हणाला, "गुरुजी, शाळेला सुट्टी आहे ना? मग तुम्हीपण घ्या सुट्टी."

आम्ही ज्या खोलींत भाड्यानें राहत होतों, ती त्याच्या मेव्हण्याची होती. गांवांतलें एकुलतें दुकानहि त्याच मेव्हण्याचें. तेथें आमचें उधारीचें खातें होतें. आमची पत्नी त्या वेळीं तान्ह्या मुलासह तेथें होती, आणि दूध त्यांच्याच घरून येई. हें सारें एका क्षणांत आमच्या मनांत येऊन गेलें. आम्ही कांहींसें पुटपुटलों आणि परत फिरलों. बाई कांहीं बोलली नाहीं. मुलानें वाटेंत पाटी धोतराच्या सोग्यानें नव्हे, थुंकीनें पुसली.

कौटिल्याच्या अर्थशास्त्रांत, तिसऱ्या अधिकरणांत, कर्मकरांविषयीं विवेचन आहे. मजूर आणि धनी यांच्यांत काय ठरलें तें शेजाऱ्यापाजाऱ्यांस ठाऊक असावें, असें तेथें सांगितलें आहे; वेतन बुडविणाऱ्यास दंडहि सांगितला आहे. आम्हांस तें त्या संध्याकाळीं माहीत होतें. ज्या शेजाऱ्यानें साक्षीस उभें राहावयाचें, तो शेजारी आम्हीच होतों.

विडी वळणाऱ्या कामगारांस सिन्नर, नागपूर, गोंदिया येथें हाच अनुभव येत असे. त्यांच्या वळलेल्या विड्यांपैकीं कांहीं 'छाट' म्हणून टाकून दिल्या जात. १९६६ च्या विडी-कामगार कायद्यांत अशा छाटीवरून होणाऱ्या तंट्यांची दखल घेतलेली होती. पानें तोडणारीस मात्र त्यांत स्थान नव्हतें. महाराष्ट्रानें १९६९ सालीं कायदा करून तेंदूचा व्यापार आपल्या हातीं घेतला. त्यायोगें दर बांधला गेला हें खरेंच. परंतु सरकारनें घटक पाडून ते लिलावानें ठेकेदारांस दिले, आणि फळीवर वही पुन्हा मुन्शीच्याच मांडीवर राहिली.

ती वही हलली कशी, याची हकीकत त्याच धानोरा तालुक्यांतील मेंढा-लेखा या गांवची आहे. श्री. देवाजी तोफा व त्यांचे गांवकरी, आणि त्यांच्यासह बसून कायदे वाचणारे मोहन हिराबाई हिरालाल, यांनीं तेथें अभ्यासमंडळ चालविलें. गांवाचा निर्णय मतांच्या मोजणीनें न करितां सर्वसंमतीनें करावयाचा, मग बैठका कितीहि लांबोत, असा त्यांचा परिपाठ. (आमच्या घरांतील दिवाणखान्याला रंग कोणता द्यावा यावर तीन महिने झाले सर्वसंमति होत नाहीं, हें जातां जातां नमूद करितों.) २००६ च्या वनहक्क कायद्यानें बांबू व तेंदूपानें हीं गौण वनोपज ठरलीं व त्यांवर गांवाची मालकी मानली गेली. मेंढा-लेखास सुमारें १,८०० हेक्टर जंगलाचा सामूहिक हक्क २००९ सालीं मिळाला. पण बांबू तोडला तरी तो रानाबाहेर नेण्याचा परवाना द्यावयाचा वनखात्यानें, आणि खातें तो देईना! अखेर २७ एप्रिल २०११ रोजीं केंद्रीय मंत्री श्री. जयराम रमेश व मुख्यमंत्री श्री. पृथ्वीराज चव्हाण हे स्वतः त्या गांवीं आले आणि वाहतूक-परवान्यांचें पुस्तकच ग्रामसभेच्या हवाली केलें. मंत्र्यांचे हार वाळून गेले असतील. तें पुस्तक मात्र गांवांत राहिलें. पुढें ग्रामसभेनें स्वतः निविदा मागवून बांबू विकला.

२०१३ पासून गोंदिया-गडचिरोलीकडील अनेक ग्रामसभा तेंदूहि स्वतःच विकूं लागल्या. सारें गोड झालें असें नाहीं. २०१७ सालीं भाव फार चढले, त्याच वर्षीं पानांवर १८ टक्के कर बसला, पुढील वर्षीं भाव कोसळले, आणि कित्येक ग्रामसभांचे पैसे व्यापाऱ्यांकडे अडकले. लिलाव करितां येणें निराळें आणि वसुली करितां येणें निराळें.

निवृत्तीनंतर एका उन्हाळ्यांत आम्ही आमच्या जुन्या गांवीं गेलों. सायंकाळीं फळीवर पोहोंचलों तो वही घेऊन बसलेला गृहस्थ आम्हांस पाहून उठला. केस पिकूं लागलेले. पण आम्हीं ओळखलें. तो ग्रामसभेच्या समितीचा लिहिणारा होता. तो मोठ्यानें आंकडा उच्चारी, पुडे आणणारी बाई तो पुन्हा म्हणे, आणि मगच वहींत चढे. शिवाय तिच्या हातांतील कार्डावरहि. एकीच्या नांवावर त्यानें तीन पुडे कमी लिहिले होते. तिनें कार्ड त्याच्या नाकासमोर धरलें, आणि त्यानें खोडून दुरुस्त केलें, तेव्हां भोंवतालच्या बायका खळखळून हांसल्या.

त्याची आई कडेला बसली होती. दृष्टि मंदावलेली; पण आवाजावरून तिनें आम्हांस जाणलें. त्या संध्याकाळची गोष्ट काढावी कीं न काढावी, अशा घोंटाळ्यांत आम्ही होतों. तिनें समोरचा एक पुडा उचलून आमच्या हातांत ठेविला व म्हणाली, "घ्या गुरुजी, आता मोजा."

आम्ही खालीं बसलों, दोर सोडला, आणि एकेक पान बोटानें सारीत मोजलें. एकूणसत्तर भरलीं. पुन्हा मोजलीं, एकूणसत्तरच.

"सुनेनं बांधला," म्हातारी म्हणाली. शेजारच्या ढिगांतून एक पान ओढून तिनें वर ठेविलें, आणि पुडा पुन्हा आवळला.