वेताळाच्या चड्डीवरचे पट्टे

चित्रकथांतील पराक्रमी नायकांचा अंगाला चिकटून बसणारा पोशाख पाहून सभ्य वाचक एक तर हसतो, किंवा हा निव्वळ बळाच्या प्रदर्शनाचा प्रकार आहे असे समजून पान उलटतो. परंतु ज्याने हे नायक हाती टाक आणि कुंचला घेऊन कागदावर उतरविण्याचा उद्योग वर्षानुवर्षे केला आहे, त्याला पुरते ठाऊक असते की ह्या पोशाखाची निम्मी अधिक तजवीज नायकासाठी नसून, रोज ठरल्या वेळी चित्रांची पट्टी छापखान्याच्या स्वाधीन करावी लागणाऱ्या चित्रकारासाठी आहे. सुरकुती नाही, गुंडी नाही, खिसा नाही. देहाची आकृती साधली की चेहऱ्याभोवती एक रेघ, मनगटाशी एक रेघ, आणि पोशाख शिवून तयार!

माझे ह्या विषयातले शिक्षण झाले ते इंद्रजाल कॉमिक्सवर. टाइम्स ऑफ इंडियाच्या प्रकाशनसंस्थेने मार्च १९६४ मध्ये ही माला सुरू केली, आणि ली फॉक यांनी १९३६ साली अमेरिकेतील दैनिकांसाठी निर्माण केलेला फँटम मराठी मुलांच्या घरी वेताळ होऊन आला. आमच्या आळीत एकच अंक इतक्या घरी फिरे की परत येईतो त्याच्या टाचण्या गळून पडलेल्या असत. आणि तो आपल्या ताब्यात आहे तोवर त्यातला एखादा तरी वेताळ वहीत उतरवून घ्यावा, असा माझा शिरस्ता होता. प्रथम खिडकीच्या काचेवर पान धरून गिरवणे, मग चित्रावर शिसपेन्सिलीने चौकोन पाडून ते मोठे करणे, आणि सर्वांत शेवटी, काहीही समोर न ठेवता, स्मरणाने काढणे अशा ह्या पायऱ्या होत्या. शाळेतल्या चित्रकलेच्या शिक्षकांना हे सारे वाया गेलेले वाटे. त्यांचे लक्ष एलिमेंटरी आणि इंटरमिजिएटच्या परीक्षांकडे, आणि त्या परीक्षांचे लक्ष स्थिरचित्रातल्या तांब्याकडे. पण त्याच तांब्याने मला वेताळाची चड्डी शिकवली, हे त्यांच्या पदरी नमूद केले पाहिजे.

वेताळाची ती चट्ट्यापट्ट्यांची चड्डी हे त्याच्या पोशाखातले एकमेव अवघड प्रकरण होय. बाकीचा देह पेन्सिलीने नग्न आकृतीसारखा काढून घेता येतो. छातीची पेटी, कमरेचा वळसा, गुडघ्याची वाटी एवढ्यांचा हिशेब जुळला की काम भागते, आणि हिशेबात थोडी खोट राहिलीच तर एखादी काळी सावली ती पोटात घेते. पट्ट्यांपाशी मात्र काही लपत नाही. मांडी हा एक गोल खांब आहे. तो आपण वरून पाहत असलो तर त्यावरचा प्रत्येक पट्टा खाली झुकतो, खालून पाहत असलो तर तोच पट्टा कमानीसारखा वर चढतो, आणि नायक धावत असला तर एक मांडी आपल्याकडे येते, दुसरी दूर जाते, म्हणून दोहोंवरचे पट्टे परस्परविरुद्ध साक्ष देतात. पट्टे सरळ ओढले की तत्क्षणी वेताळ पुठ्ठ्याचा होतो. तांब्याच्या गळ्याशी काढलेली लंबवर्तुळे आणि हे पट्टे ही एकाच नियमाची दोन रूपे आहेत.

हा नियम पाळण्याची प्रत्येकाची तऱ्हा निराळी. पहिले चित्रकार रे मूर यांचा वेताळ अंधारातून अर्धाच बाहेर आलेला असे. विल्सन मॅककॉय यांनी सावल्या कमी केल्या आणि रेषा सोपी, जवळजवळ बाळबोध केली. १९६१ मध्ये मॅककॉय यांच्या निधनानंतर साय बॅरी आले आणि १९९४ पर्यंत टिकले. इंद्रजालच्या अंकांत मॅककॉय आणि बॅरी दोघांच्याही कथा येत, त्यामुळे एका महिन्यात भोळसर दिसणारा नायक दुसऱ्या महिन्यात एकाएकी भारदस्त कसा होतो, हे कोडे आम्हा मुलांना पडे. चित्रकारांची नावे कोण वाचतो? मला आजही नक्कल करावीशी वाटते ती बॅरी यांचीच, आणि ती कुंचल्यानेच करावी लागते. टाकाची रेघ नेमकी खरी, पण तिला श्वास नसतो. कुंचला शाईत बुडवून, बाटलीच्या काठावर टोक निमुळते करून, कागद फिरवीत फिरवीत रेघ आपल्याकडे ओढली, की ती खांद्यावर बारीक सुरू होते, दंडाच्या फुगवट्याखाली जाड होते आणि कोपराशी पुन्हा केसाएवढी होऊन संपते. काळ्या भागाच्या कडेने पिसासारख्या निमुळत्या रेघा सोडल्या की काळ्यापांढऱ्याच्या दरम्यान एक करडा रंग भासू लागतो, जो शाईत नाही आणि कागदातही नाही. शाई वाळल्यावाचून खोडरबर लावायचे नाही. तेवढा धीर धरणे हाच ह्या धंद्यातला खरा ब्रह्मचर्याश्रम.

डोळ्यांबाबत फॉक यांनी चित्रकाराला मोठीच मुभा दिली, आणि पेचही घातला. ग्रीक पुतळ्यांच्या बुबुळांवाचूनच्या डोळ्यांवरून त्यांना कल्पना सुचली आणि मुखवट्याआडचे वेताळाचे डोळे कोरे पांढरे राहिले. बुबुळे काढण्याचे श्रम वाचले खरे. पण राग, संशय, दया हे सारे आता जबड्याच्या रेषेतून आणि खांद्यांच्या उतारातून सांगणे आले. मान अंमळ पुढे घेतली की वेताळ धमकावतो, तीच मागे घेतली की विचार करतो.

रंगाचे म्हणाल तर तो छापखान्याचा प्रांत. इंद्रजालच्या आरंभीच्या अंकांत वेताळ निळा होता, पुढे जांभळा झाला; आम्ही दोन्ही मुकाट्याने मान्य केले.

बिनसुरकुतीच्या पोशाखाची किंमत कळायला मला बहादूर काढून पाहावा लागला. आबिद सुरती यांनी १९७६ मध्ये इंद्रजालसाठी निर्मिलेला आणि गोविंद ब्राह्मणिया यांनी रेखाटलेला हा आपल्याकडचा नायक केशरी कुडता आणि जीन्स घालून दरोडेखोरांच्या पाठी लागतो. कुडता म्हणजे सुरकुत्यांचे दप्तरच! हात उचलला की काखेतून ताण सुटतो, वळला की कमरेशी कापड पिळवटते, धावला की घोळ मागे उडतो. ह्याच्या नेमके उलट स्पायडरमॅनचे: १९६२ मध्ये स्टीव्ह डिटको यांनी सुरकुती टाळली, पण त्याच्या अंगावर कोळ्याचे जाळे विणून ठेवले, आणि पुढच्या चित्रकारांना जन्माचे विणकाम लावून दिले.

पडद्यावर हे प्रश्न शिंप्याकडे जातात. १९९६ साली वेताळावर चित्रपट निघाला, तेव्हा पट्ट्यांच्या चड्डीला रजा देऊन जांभळ्या कापडावरच नक्षी उमटविण्यात आली. सर्कशीतल्या मल्लांच्या पोशाखावरून १९३८ मध्ये सुपरमॅनला मिळालेली लाल चड्डी तर चित्रकथेतूनच २०११ मध्ये काढून घेण्यात आली, आणि २०१८ मध्ये त्याच्या मासिकाच्या १,००० व्या अंकात सन्मानाने परत करण्यात आली. शिंप्याला पट्टे नको असतील तर माझी तक्रार नाही. परंतु एखादा चित्रकार वेताळ काढतो म्हणतो आणि पट्टे मात्र टाळतो, असे दिसले की त्याला मांडी काढता येत नसावी, असा माझा पक्का वहीम होतो.