‘औषध घेतलं’ याचा अर्थ

कापसाच्या मुलखात ‘औषध’ हा शब्द दोन बाटल्यांना लागतो: एक दवाखान्यातली, दुसरी फवारणीची. शेतकऱ्याच्या घरचं माणूस घाबऱ्या आवाजात ‘त्यानं औषध घेतलं’ म्हणालं, तर तो विष प्यायला आहे. वर्धा जिल्ह्यातल्या आंजी (मोठी) इथे परप्रांतातून आलेल्या तरुण डॉक्टरला हा अर्थ त्याच क्षणी उमगायला हवा. बहुसांस्कृतिक आरोग्यसेवा म्हटलं की लंडन-टोरांटोतले दवाखाने डोळ्यांपुढे येतात. पण हा प्रश्न आपल्या प्राथमिक आरोग्य केंद्राच्या ओट्यावरही बसलेला असतो. रुग्णाची बोली आणि रीत समजणं हा रोगनिदानाचाच भाग आहे, त्याला वरचं सौजन्य मानणं चूक आहे.

आंजीला हा प्रश्न जास्तच लागू पडतो, कारण हे गाव सेवाग्रामच्या महात्मा गांधी आयुर्विज्ञान संस्थेच्या ग्रामीण कार्यक्षेत्रात येतं. डॉ. सुशीला नायर यांनी 1969 साली सुरू केलेल्या या महाविद्यालयात देशभरातून मुलं येतात. प्रत्येक तुकडी एक गाव दत्तक घेते, शिबिरात तिथे राहते, घरोघर जाते. ही परंपरा मोलाची आहे. तरी पंधरवड्याच्या मुक्कामात गावाची ओळख होते, बोली अंगवळणी पडत नाही.

बोली आणि विश्वास नसेल तर काय दडून राहतं, ते वर्ध्यातच वाढलेले डॉ. अभय बंग आणि त्यांच्या पत्नी डॉ. राणी बंग यांनी गडचिरोलीत दाखवलं. दोन गावांतल्या स्त्रियांची त्यांनी केलेली तपासणी 1989 साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात आली. 92 टक्के स्त्रियांना एक ना एक स्त्रीरोग होता, पण त्याआधी तपासणी आणि उपचार मिळाले होते जेमतेम 8 टक्के जणींना. ‘अंगावरून पांढरं जातं’ हे बाई शेजारणीला सांगते, अनोळखी पुरुष डॉक्टरला नाही, आणि सासू दुभाषी म्हणून शेजारी बसली असेल तर मुळीच नाही. पुढे याच जोडप्याने गावातल्याच बायकांना नवजात बाळांची काळजी घ्यायला शिकवलं. 1999 साली प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार तिथले नवजात मृत्यू 62 टक्क्यांनी घटले. इंजेक्शन आणि प्रशिक्षण यांचा वाटा त्यात मोठा होताच. पण बाळंतिणीच्या खोलीत ज्या बाईला सहज प्रवेश होता तिच्या हाती ते दिलं गेलं, म्हणून ते बाळापर्यंत पोचलं.

यावर कुणी म्हणेल, शरीर सगळीकडे सारखंच, रक्तदाबाचं यंत्र काही भाषा विचारत नाही. खरं आहे. पण कोणती तपासणी करायची हे रुग्णाच्या सांगण्यावरूनच ठरतं. ‘भोवळ येते’, ‘जीव घाबरतो’, ‘बाळाचं पोट उडतं’ या तीन तक्रारी तीन वेगळ्या वाटांनी जातात, आणि तिसरीमागे न्यूमोनिया असू शकतो. दुसरा आक्षेप वेळेचा, आणि तो मला अधिक गंभीर वाटतो. बाहेर रांग असताना गप्पा मारायला कुणाला सवड आहे? अमेरिकी मनोवैद्य आर्थर क्लाइनमन यांनी 1978 साली सहकाऱ्यांसह सुचवलेले प्रश्न इथे उपयोगी पडतात. त्यांतला एक साधा आहे: हे कशामुळे झालं असं तुम्हाला वाटतं? विचारायला अर्धं मिनिट लागतं, आणि चुकीच्या वाटेने झालेल्या चार खेपा वाचतात.

मग अंधश्रद्धेला मान द्यायचा का, असंही विचारलं जातं. विचारणं म्हणजे मान्य करणं नव्हे. गोवर आलेल्या लेकराला ‘माता आल्या’ म्हणून घरीच ठेवणाऱ्या आईवर डॉक्टर खेकसला, तर ती पुढच्या वेळी येणारच नाही. तिची पूजा चालू देऊन लेकराला भरपूर पाणी, अंगावरचं दूध आणि अ जीवनसत्त्वाचा डोस द्यायला तिला राजी करता येतं.

म्हणून नव्या डॉक्टरचा पहिला आठवडा आशाताई आणि परिचारिकेबरोबर घरोघर फिरण्यात जावा, आणि टेबलावर स्थानिक शब्दांची एक वही असावी. तिच्यात ‘औषध’ या शब्दापुढे दोन्ही अर्थ लिहिलेले हवेत.