‘वेक अप’ आणि ‘गेट अप’: फरक काय?
समजा, तुमचं नशिराबादला किराणा दुकान आहे आणि सकाळी माल आणायला जळगावला जायचंय. पाचला जाग आली, पण अंथरूण सोडलं सहाला. इंग्रजीत काय म्हणाल? ‘आय वोक अप ॲट फाइव्ह, बट आय गॉट अप ॲट सिक्स.’ म्हणजे ‘वेक अप’ जाग येणं, ‘गेट अप’ उठणं.

दुसऱ्याला जागं करायचं असेल तर ‘वेक हिम अप’ म्हणा. ‘वेक अप हिम’ चूक.

आता धंद्यातला अर्थ. ‘वेक अप टू’ म्हणजे उशिरा का होईना, भानावर येणं. ‘वी वोक अप टू द प्रॉब्लेम’: उधारी वाढलीय, हे आमच्या लक्षात आलं. पण लक्षात आलं म्हणजे वसुली झाली असं नाही ना? ही नुसती जाग झाली. आता उठा, उधारीची वही उघडा आणि पहिला फोन आजच लावा!