डेटा न वापरता मोबाइलवर टीव्ही : डीटूएमचा डेमो बोईसरला ठेवला तर काय तपासाल?

सिम काढलेलं, वायफाय बंद, तरीही मोबाइलवर टीव्ही चालू. व्हॉट्सअ‍ॅपवर असा व्हिडिओ आला तर तुम्ही फेक म्हणून सोडून द्याल. पण ही टेक्नॉलॉजी खरी आहे. तिचं नाव डायरेक्ट टू मोबाइल, म्हणजे डीटूएम. बंगळुरू, दिल्लीचा कर्तव्य पथ आणि नोएडा इथे तिच्या चाचण्या झाल्या आहेत. पुढच्या चाचण्या १९ शहरांत घेणार, असं माहिती व प्रसारण खात्याचे तेव्हाचे सचिव अपूर्व चंद्रा यांनी जानेवारी २०२४ मध्ये सांगितलं होतं. मे २०२५ मध्ये मुंबईत झालेल्या वेव्हज परिषदेच्या निमित्ताने लाव्हा आणि एचएमडी यांचे डीटूएम फोनही जाहीर झाले.

आमच्या मते या टेक्नॉलॉजीची खरी परीक्षा दिल्लीच्या सपाट, रुंद रस्त्यावर होतच नाही. पालघर-बोईसरला होईल. का ते बघू.

आधी ती चालते कशी? बोईसर स्टेशनवर लोकल लेट आहे हे सांगायला स्टेशन मास्तर प्रत्येक प्रवाशाला फोन लावत नाही. तो एकदाच भोंग्यावर सांगतो, दहा जण असोत की हजार. यूट्यूबवर आपण मॅच बघतो तेव्हा मात्र टॉवर प्रत्येकाला वेगळा फोन लावत असतो. म्हणून माणसं वाढली की गोल गोल फिरणारं चक्र दिसतं. डीटूएम म्हणजे भोंगा. टीव्हीच्या टॉवरवरून एकच सिग्नल निघतो आणि फोनमधली वेगळी चिप तो पकडते. अशी चिप बंगळुरूच्या सांख्य लॅब्सने बनवली आहे. चाचण्यांत प्रसार भारती आणि आयआयटी कानपूरही आहेत. बोलणं चाललंय ते ४७० ते ५८२ मेगाहर्ट्झ या पट्ट्याबद्दल.

आता अडचण बघा. या लहरींची लांबी साधारण अर्धा मीटर किंवा थोडी जास्त असते. फोन त्यामानाने केवढासा! एफएम ऐकायला इअरफोन लावावा लागतो, कारण त्याची वायरच अँटेनाचं काम करते. तसाच प्रश्न इथेही आहे. छोट्या अँटेनाला पुरेल एवढा जोरदार सिग्नल घराच्या आतपर्यंत पोचायला हवा.

समजा, केबलवाले, लोकल चॅनलवाले आणि इंजिनिअरिंगची पोरं यांच्यासाठी फिरता डेमो पालघर-बोईसरला ठेवायचा आहे. गाडीवर मास्ट उभारला, ट्रान्समीटर सुरू केला, झालं, असं होत नाही. हवेत सिग्नल सोडायचा तर दूरसंचार विभागाच्या वायरलेस प्लॅनिंग शाखेची तात्पुरती परवानगी आधी काढावी लागते. हे काम सगळ्यात आधी करायचं, हॉलचं बुकिंग नंतर. जनरेटर हवा. आणि ट्रान्समीटरला गाडीवर ठेवून शेजारच्या टेबलावर फोन दाखवणं याला डेमो म्हणू नये. दहा फुटांवर कुठलाही सिग्नल मस्तच येतो.

खरी मजा चालायला लागल्यावर. फोन आणि मीटर घेऊन तारापूर एमआयडीसीतल्या पत्र्याच्या शेडमध्ये जा. पत्रा सिग्नल अडवतो आणि परतवतो. मग पालघरहून उमरोळीमार्गे बोईसरपर्यंत ट्रेनने या. धावत्या डब्यात चित्र तुटतं का ते बघा. सातपाटीच्या किनाऱ्यावर जा, तिथे समोर मोकळा समुद्र, अडथळा शून्य. आणि शेवटी जव्हार-मोखाड्याकडे वळा. डोंगराआड सिग्नल नाहीसा झाला, तर एक उंच टॉवर पुरणार नाही, छोटे-छोटे जास्तीचे लागतील. प्रत्येक ठिकाणचा आकडा लिहून ठेवा. ‘इथे आला नाही’ हा आकडासुद्धा.

एवढा खटाटोप फुकट क्रिकेटसाठी नाही. मे २०२१ मध्ये तौक्ते वादळात गाल कन्स्ट्रक्टर हा बार्ज भरकटत पालघरच्या किनाऱ्याला लागला आणि १३७ जणांना वाचवावं लागलं. नोव्हेंबर २०१८ पासून डहाणू-तलासरीने भूकंपाच्या धक्क्यांची मालिकाच अनुभवली. धक्का बसला की सगळे एकदम घरी फोन लावतात आणि नेटवर्क जाम होतं. भोंगा जाम होत नाही. अर्थात वीज गेल्यावर टीव्हीचा टॉवर किती तास बॅटरीवर टिकेल, हे विचारल्याशिवाय डेमोतून उठू नका. शिवाय डीटूएम एकतर्फी आहे. त्यावरून ‘मी सुखरूप आहे’ असं कळवता येत नाही.

तरी हुरळून जाऊ नका. फेब्रुवारी २०१६ मध्ये दूरदर्शनने मुंबई आणि औरंगाबादसह १६ शहरांत मोबाइलवर फुकट टीव्ही सुरू केला होता. तुम्हाला आठवतोय? नसेलच, कारण त्यासाठी फोनला डोंगल लावावा लागायचा, आणि तो घेणार कोण? जपानमध्ये मात्र २००६ पासूनची वनसेग सेवा पसरली, कारण रिसीव्हर फोनमध्येच बसवलेला होता. म्हणजे सगळं अडतं चिपपाशी. क्वालकॉम, सॅमसंगसारख्या कंपन्यांनी २०२३ मध्ये नेमका याच मुद्द्यावर विरोध केला. फोन सुमारे ३० डॉलरनी महागेल असं त्यांचं म्हणणं होतं. डीटूएमवाले म्हणतात खर्च फार कमी येईल. त्यामुळे डेमोत दुसरा प्रश्न हाच विचारा, की आठ-दहा हजारांच्या फोनमध्ये ही चिप येणार का? महागड्या फोनपुरतीच राहिली तर तलासरीच्या पाड्यावर तिचा काय उपयोग?

तोपर्यंत एक काम आजच करता येईल. २० जुलै २०२३ ला महाराष्ट्रात अनेकांचे फोन एकदम किंचाळले होते, ती सेल ब्रॉडकास्टची चाचणी होती. तोही भोंगाच, फक्त मोबाइल टॉवरवरून वाजणारा; टॉवर बंद पडला की तोही गप्प. तेव्हा घाबरून बऱ्याच जणांनी तो अलर्ट बंद करून टाकला. सेटिंग्जच्या सर्चमध्ये ‘इमर्जन्सी अलर्ट’ टाइप करा आणि तुमचा चालू आहे का ते बघा. घरच्यांचा फोनही तपासा.